आईचे कागद चार ठिकाणी विखुरलेत, एकत्र कसे मिळवायचे?

गोदाकाठ

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

आई ६३ वर्षांची. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यातून तिच्या हृदयाची झडप खराब झाली. २०१४ साली मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात ती काढून धातूची झडप बसवली. तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत झालं, ऑपरेशनही चांगलं झालं, त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. धातूची झडप म्हटल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आली. रोज संध्याकाळी ॲसिट्रॉम आणि महिन्याला आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची, तपासणी. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. ही तपासणी आमच्या तालुक्याला होत नाही, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात होते. वर्षानुवर्षं आईची गोळी २ मिलिग्रॅमवर ठरलेली होती.

मग मानेत गाठ आली आणि टीबी निघाला. औषधं गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू झाली, सहा महिन्यांचा कोर्स. टीबीच्या औषधांतल्या एका गोळीनं ॲसिट्रॉमचा असर कमी होतो, हे जिल्ह्याच्या फिजिशियन डॉक्टरांनी ओळखलं आणि आयएनआर बघत बघत डोस ५ मिलिग्रॅमपर्यंत नेला. हुशार माणूस. आईला समजावूनही सांगितलं की कोर्स संपला की डोस परत उतरवायचा आहे. पण त्यांचा बाँड (सक्तीच्या सरकारी सेवेची मुदत) संपला आणि ते गेले. नवीन डॉक्टरांसमोर ओपीडीत रांग, हातात एक चुरगळलेला केस पेपर. त्यांनी ‘रिपीट’ लिहून ५ मिलिग्रॅम तशीच पुढे दिली. त्या दिवशी आयएनआर ठीकच होता, कारण कोर्स संपून दोनच दिवस झाले होते आणि टीबीच्या गोळ्यांचा असर अंगात होता.

कोर्स संपला तेव्हा आरोग्य केंद्रानं आपल्या पोर्टलवर ‘उपचार पूर्ण’ अशी नोंद केली. त्यांच्या दृष्टीनं आई बरी झाली. डोस वाढवला गेलाय हे आरोग्य केंद्राच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. कोर्स संपलाय हे जिल्ह्याच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

तीन आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर हात टेकला तिथे काळानिळा डाग. लघवी लाल. टीबीच्या गोळ्या चालू असताना लघवी लालसर होते, घाबरू नका, असं आशाताईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, म्हणून आई दोन दिवस बोललीच नाही. तालुक्याहून जिल्ह्याला नेलं, तिथे आयएनआर आठच्या वर निघाला. डोकं दुखतंय म्हणाली म्हणून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघायला तिथून मेडिकल कॉलेजला पाठवलं. सोबत दिलेली चिठ्ठी माझ्याकडे आहे: झडप बदललेली, रक्त पातळ करणारी गोळी चालू, रक्तस्राव, पुढील उपचारासाठी वरिष्ठ संस्थेकडे. एवढंच. टीबीचा शब्द नाही, डोसचा आकडा नाही, आदल्या रात्री व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं त्याचा उल्लेख नाही. मेडिकल कॉलेजच्या रेसिडेंट डॉक्टर मला विचारत होत्या, इंजेक्शन किती दिलं, कधी दिलं? धातूच्या झडपेला ते जास्त झालं तर गुठळीची भीती असते म्हणे. मी सांगितलं, ‘सिस्टरनी हातात सुई दिली एवढं दिसलं.’ त्यांनी जिल्ह्याच्या वॉर्डात फोन लावायचा प्रयत्न केला, पण माझ्यासमोर तरी कुणी उचलला नाही. सगळं रक्त पुन्हा काढलं. हात काळेनिळे झालेल्या बाईचं.

आई वाचली. सीटी स्कॅन चांगला आला, गोळी पुन्हा २ वर आणली, घरी आहे. आता पुढच्या तपासणीसाठी तिला मुंबईला दाखवा म्हणाले आणि तिथे जुने कागद लागतील.

माझं तालुक्याला ग्रामीण रुग्णालयासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर मी हेच कागद हाताळतो. घडीवर फाटलेला डिस्चार्ज कार्ड, घामानं शाई पसरलेला केस पेपर, पिशवीत तांदळाच्या पिठानं माखलेला एक्स-रे. लोक ईसीजी आणि सोनोग्राफीचा गुळगुळीत कागद घेऊन येतात आणि म्हणतात, लॅमिनेशन करून द्या, जन्मभर टिकेल. मी देत नाही. तो कागद उष्णतेवर छापतात, लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला की अख्खा काळा पडतो. नुसता ठेवला तरी दोन-तीन वर्षांत पुसट होऊन पांढरा होतो. त्याची साधी झेरॉक्स काढून ठेवणं हाच उपाय आहे, आणि हे त्यांना दवाखान्यात कुणी सांगत नाही. सरकारी दवाखान्याच्या पेशंटची सगळी हकीगत ज्या पिशवीत आहे ती पिशवी एसटीत विसरली की माणूस डॉक्टरसमोर कोरा. याचा मला खरोखर संताप येतो.

तर विचारायचं हे की मुंबईच्या ऑपरेशनचे कागद इतक्या वर्षांनी मिळतात का? जिल्ह्याच्या वॉर्डातली आईची फाईल मागितली तर ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणाले, हे बरोबर आहे का? आणि आईचं आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य कार्ड) काढलंय, ॲप उघडलं तर त्यात काहीच नाही. मग ते कार्ड कशासाठी?

*

एमओ_तालुका

गोदाकाठ भाऊ, वाचून वाईट वाटलं. मी एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, तुमच्या जिल्ह्यात नाही. आईंच्या बाबतीत जे झालं त्याला वैद्यकशास्त्रात पूर्ण उत्तर आहे. तुम्ही म्हणता ती टीबीची गोळी म्हणजे रिफाम्पिसिन, तिच्यामुळे यकृत ॲसिट्रॉम लवकर मोडतं. ती बंद झाली की यकृत पूर्वपदावर यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या काळात दर आठवड्याला आयएनआर बघत डोस उतरवायचा असतो. कोर्स संपल्याची तारीख समोर असती तर नवीन डॉक्टरांनीही हेच केलं असतं.

ती समोर का नव्हती, हे जरा आतून सांगतो. लोकांना सगळं ‘सरकारी’ एकच वाटतं. प्रत्यक्षात आई चार मालकांच्या दारातून गेल्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. मुंबईतलं रुग्णालय महापालिकेचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आमच्या विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, तेव्हाही मेडिकल कॉलेजं त्यात नव्हती, कारण खातं वेगळं. नोंदवह्या वेगळ्या, पेशंटचा नंबर वेगळा, संगणक असला तर तोही वेगळा. मी मेडिकल कॉलेजला असताना २०२२ मध्ये तिथली जुनी संगणक प्रणाली बंद पडली आणि आम्ही पुन्हा हातानं केस पेपर लिहायला लागलो. पुढे एनआयसीची (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची) ई-हॉस्पिटल प्रणाली आली, पण आमच्या वॉर्डात मागचे रिपोर्ट पडद्यावर परत दिसले नाहीत. नेहमी येणाऱ्या पेशंटला आम्ही विचारायचो, ‘मागचा क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीचा आकडा) किती होता, आठवतंय का?’ ज्याचं पोट हातावर आहे त्याला आपण असे आकडे पाठ करायला लावतो.

चिठ्ठीबद्दल. रात्री पेशंट पुढे पाठवताना एकटा डॉक्टर असतो, ॲम्ब्युलन्स दारात उभी, दुसरीकडे डिलिव्हरी चालू. चार ओळी लिहून होतात. हे समर्थन नाही. इंजेक्शनचा डोस आणि वेळ लिहायलाच हवी होती. पुढच्या वेळी अशी पाळी आली तर (येऊ नये) चिठ्ठी हातात घेण्याआधी एवढं विचारा: ‘साहेब, इथे दिलेली औषधं आणि वेळ यावर लिहिता का? आणि नर्सिंग चार्टचा मोबाईलवर फोटो काढू का?’ बहुतेक जण हो म्हणतात.

मुंबईला जाताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झडप कोणत्या जागी आणि कोणत्या बनावटीची. जागा इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसते. मायट्रल आणि एओर्टिक या हृदयातल्या झडपांच्या दोन जागा. मायट्रल असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ ठेवतात, एओर्टिक असेल तर बहुतेक वेळा त्याहून कमी. बनावट मात्र कागदावरच मिळते. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं विकसित केलेली झडपही पुष्कळांना बसवलेली आहे. खोक्यावरचं स्टिकर ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात. तेवढं पान मिळालं तरी मोठं काम होईल.

*

जुना दप्तरी

मी महानगरपालिकेच्या रुग्णालयात अभिलेख कक्षात होतो, आता निवृत्त. आमच्याकडे त्याला एमआरडी म्हणायचे. तुमचं काम अवघड आहे, पण प्रयत्न करण्यासारखं नक्की आहे.

आधी नियम. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक नियम आहेत. त्यात भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं ठेवायचे आणि पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं स्पष्ट आहे. कोर्टाची ऑर्डर लागत नाही. पेशंटला स्वतःचे कागद मिळाले पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलेलं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यातही हा हक्क आहे. तेव्हा जिल्ह्याला तोंडी मागू नका. तोंडी मागणाऱ्याला तोंडीच नाही म्हणतात. लेखी अर्ज करा, आईच्या सहीनं किंवा अंगठ्यानं, सोबत आईचं आधार, तुमच्यासाठी अधिकारपत्र. अर्जावर आयपीडी (भरती पेशंटचा) नंबर, भरती आणि डिस्चार्जची तारीख, वॉर्ड. हे चार तपशील असले की माणूस रॅककडे जातो, नसले की ‘उद्या या’ म्हणतो. आवक-जावकमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

नाही जमलं तर माहिती अधिकार. आपल्या राज्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. अर्ज आईच्या नावानं करा, तुमच्या नको, नाहीतर ‘दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती’ म्हणून परत येईल. एरवी ३० दिवस लागतात, पण जिवाशी संबंधित माहिती असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत द्यावी लागते. ते कलम अर्जात लिहा आणि का ते एका वाक्यात लिहा: रक्त पातळ करणारी गोळी चालू, डोस ठरवण्यासाठी कागद हवेत.

२०१४ ची फाईल आता नसण्याची शक्यता मोठी आहे. जागा नसते. जुन्या फाईली समितीसमोर ठेवून नष्ट करतात. पोलीस केसच्या फाईली मात्र वेगळ्या बांधून राखतात. तरी फाईल नाही म्हणाले तर तिथेच थांबू नका. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर विचारा, तारखेनुसार असतं, आणि आमच्याकडे फाईली गेल्या तरी रजिस्टरं शाबूत होती. त्यात पेशंटचं नाव, ऑपरेशन, सर्जन आणि पुष्कळदा झडपेचा नंबर असतो. आणि हृदयशस्त्रक्रिया विभागाचे स्वतःचे झडपांचे रजिस्टर असते का, तेही विभागाच्या क्लार्कला विचारा. एमआरडीला त्याचा पत्ता नसतो.

जाताना ऑपरेशनची तारीख पाठ असू द्या. वर्ष सांगून काही सापडत नाही.

*

गोदाकाठ

डॉक्टर साहेब, दप्तरी काका, मनापासून आभार. ऑपरेशनची तारीख घरातल्या कॅलेंडरच्या मागे आईनंच लिहून ठेवलेली सापडली. जुनं पान तिनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

जिल्ह्याला लेखी अर्ज दिला. शिक्का मारून घ्यायला गेलो तेव्हा आवकच्या बाईंनी तुमच्या त्या २००२ च्या नियमाचं वाक्य दोनदा वाचलं आणि आत साहेबांना दाखवायला नेलं. त्याच आठवड्यात झेरॉक्स मिळाली. त्यात नर्सिंग चार्ट आहे, इंजेक्शन किती आणि किती वाजता दिलं तेही स्वच्छ अक्षरात लिहिलंय. म्हणजे सिस्टरनी आपलं काम चोख केलं होतं. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर ज्या आकड्यासाठी अडून बसल्या होत्या तो आकडा जिल्ह्याच्या फाईलमध्ये होता, आणि दोन्हीकडे माणसं कामाचीच होती. मला याचाच जास्त त्रास होतो.

अजून एक. जीवनदायीत ऑपरेशन झालं तेव्हा प्रत्येक कागद स्कॅन करून वर पाठवल्याचं मला आठवतं, मीच आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलाजवळ उभा होतो. रेशन कार्ड, इको, अँजिओचा फोटो, ऑपरेशननंतर झडपेचं स्टिकरसुद्धा. तो क्लेम मंजूर झाला, म्हणजे ते कागद कुठेतरी पोचले होते. आता आमच्या इथल्या आरोग्यमित्राला विचारलं तर त्याच्या लॉगिनला इतके जुने क्लेम उघडत नाहीत. पैसे मंजूर करायला कागद मुंबईत या टेबलावरून त्या टेबलावर एका दिवसात जातो. उपचार करायला तो जिल्ह्यापर्यंत येत नाही. हे असं का, याचं उत्तर कुणाकडे आहे का?

*

पौड_फाटा

मी पुण्यात हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं थोडं उत्तर देतो.

क्लेम पोचतो कारण न पोचल्यास रुग्णालयाचे पैसे अडकतात. त्यासाठी एकच पोर्टल आहे, एकच साचा आहे आणि कागद अपुरा असेल तर वरून शेरा येतो. पेशंटची माहिती पुढच्या डॉक्टरला न पोचल्यास कुणाचंही काही अडत नाही. पेशंट सोडून.

आभाबद्दल मोठा गैरसमज आहे, आणि तो दूर करायचं काम कार्ड काढून देणाऱ्या शिबिरांत होत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभा हा त्यातला १४ अंकी क्रमांक. कागद त्यात साठत नाहीत. ते ज्या रुग्णालयात तयार झाले तिथेच राहतात. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं असेल, तुमचा आभा क्रमांक त्या पेशंट नंबरला जोडला असेल आणि रिपोर्ट डिजिटल स्वरूपात असेल, तर तो ॲपमध्ये दिसतो. मग तुम्ही संमती दिलीत तर दुसरा डॉक्टर तो बघू शकतो. आखणी चांगली आहे, मी त्यावर काम केलंय आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. पण केस पेपर हातानं लिहिलेला असेल तर जोडायचं काय? ओपीडीच्या दारात क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं, तेवढ्यावर बऱ्याच ठिकाणी गाडी थांबते. त्यानं रांग कमी होते हेही खरं. नोंदणी झाली म्हणून नोंदी आल्या असं मात्र होत नाही.

तुम्हाला आज करता येईल ते सांगतो. सगळे कागद सपाट ठेवून उजेडात स्कॅन करा (दुकान तुमचंच आहे) आणि आईच्या डिजिलॉकरमध्ये अपलोड करून ठेवा. फाईलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग दवाखाना, मग काय ते. ‘आयएमजी ४५३२’ नावाची फाईल डॉक्टरसमोर शोधता येत नाही. आणि आभा नसेल तर उपचार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, ते ऐच्छिक आहे.

*

आशाताई_गटप्रवर्तक

दादा, तुमच्या आईला लघवी लाल होते हे ज्या आशाताईंनी सांगितलं त्यांनी बरोबर सांगितलं होतं, पण गोळ्या संपल्यावर लाल झाली तर लगेच सांगा, हे पुढचं वाक्य आम्हालाही कुणी शिकवलेलं नाही. मी उद्याच्या बैठकीत माझ्या सगळ्या आशांना सांगणार आहे.

आमच्याकडून एक बाजू. टीबीचा पेशंट नि-क्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) चढतो, त्याला आयडी मिळतो. तो पेशंट उद्या ऊसतोडीला कर्नाटकात गेला तरी तिथल्या केंद्राला त्याची नोंद पाठवता येते आणि गोळ्या तिथे सुरू राहतात. पोषणाचे पैसे खात्यात जातात. म्हणजे जमतं, राज्याच्या हद्दीपलीकडेसुद्धा जमतं. पण त्यात शुगर आहे का, एचआयव्ही तपासलं का हे विचारतात. बाकी कोणती गोळी चालू आहे हे मी भरलेल्या कुठल्याच टीबीच्या कागदात ठळक जागा देऊन विचारलेलं नाही. त्याच बाईचा तीस वर्षांवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म (शुगर, बीपीसारख्या आजारांचा धोका तपासायचा) मी भरते, तो दुसरीकडे जातो. तिसरं ॲप वेगळं. एका घरात बसून एकाच माणसाचं नाव, वय, मोबाईल मी तीनदा टाकते आणि ते तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत.

गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड बघा. उपकेंद्रात सिस्टर त्यात लिहितात, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर लिहितात, खासगीत सोनोग्राफी केली तरी त्यात लिहून आणतात. डिलिव्हरीला कुठेही गेली तरी आधी कार्ड मागतात. कारण प्रत्येकाला माहीत आहे की त्यात लिहायचं असतं. तुमच्या आईसारख्यांसाठी तसं एक पुस्तक हवं. सरकार देईल तेव्हा देईल, तुम्ही वही करा आणि प्रत्येक डॉक्टरपुढे ती उघडून ठेवा.

*

गोदाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बैठकीचं ऐकून तिला फार बरं वाटलं.

मुंबईला जाऊन आलो. दप्तरी काकांनी सांगितलं तसंच झालं, फाईल नष्ट केलेली, थिएटरच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली. मायट्रल झडप, आकार आणि अनुक्रमांक. क्लार्कनी स्वतः खुर्चीवर चढून रजिस्टर काढलं आणि डॉक्टरांनी त्यावरून लेटरहेडवर दाखला लिहून दिला. आयएनआर २.५ ते ३.५ ठेवायचा, हेही त्यात आहे.

वही केली आहे. माझ्याकडे कागद भरपूर, म्हणून जरा विचार करून छापली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: धातूची झडप, जागा, अनुक्रमांक, रक्त पातळ करणारी गोळी चालू, इंजेक्शन किंवा दात काढण्याआधी विचारा. पुढे तक्ता: तारीख, आयएनआर, आधीचा डोस, आजचा डोस, डोस का बदलला, नवीन औषध कोणतं सुरू किंवा बंद झालं, पुढची तारीख, सही. ‘डोस का बदलला’ या रकान्यासाठी मी सगळ्यात जास्त जागा सोडली आहे. आईच्या बाबतीत ते कारण एका डॉक्टरांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. जिल्ह्याच्या ओपीडीत नव्या डॉक्टरांना वही दिली, त्यांनी नीट वाचली, रकाना भरला आणि अजून काही कोऱ्या प्रती मागितल्या. त्यांच्याकडे आयएनआरला येणारे झडपेचे बरेच पेशंट आहेत म्हणाले. दिल्या. इथे कुणाला हवी असेल तर निरोप करा, फाईल पाठवतो, ए-फोर कागदाची अर्धी घडी घातली की होते.

पण वहीवर भागवायचं नाही असं ठरवलंय. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा क्षयरोग अधिकारी या तिघांना एकच निवेदन दिलंय, तिघांची नावं एकाच कागदावर घालून, म्हणजे दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवता येणार नाही. मागण्या दोनच ठेवल्या. टीबीचं औषध सुरू करताना पेशंटच्या चालू गोळ्या उपचार कार्डावर लिहाव्यात, आणि कोर्स संपल्यावर रक्त पातळ करणाऱ्या, शुगरच्या, फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटला ‘कोर्स अमुक तारखेला संपला, डोस तपासावा’ अशी चिठ्ठी देऊन त्याच्या डॉक्टरकडे पाठवावं. नवीन संगणक नको, नवीन पद नको. क्षयरोग अधिकाऱ्यांनी बोलावून ऐकून घेतलं आणि मासिक आढाव्यात विषय मांडतो म्हणाले.

डॉक्टर साहेब, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. निवेदनात फिट्सच्या गोळ्या मी ऐकीव माहितीवर घातल्या. टीबीच्या औषधांनी आणखी कोणत्या गोळ्यांचे डोस बदलतात, ती यादी नीट करून द्याल का? पुढच्या आढाव्याआधी पुरवणी म्हणून जोडतो.

*

एमओ_तालुका

फिट्सच्या गोळ्या बरोबर आहेत. रिफाम्पिसिनसाठी एवढ्या लिहा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या तोंडानं घ्यायच्या काही गोळ्या (सल्फोनिलयुरिया गटातल्या), फेनिटोईन, गर्भनिरोधक गोळ्या, स्टेरॉइड, आणि एचआयव्हीची काही औषधं. गर्भनिरोधक गोळ्या विसरू नका, त्या बायकांना कुणीच सांगत नाही. आयसोनियाझिडनं फेनिटोईन उलट वाढूही शकतं, म्हणून तिथे ‘डोस तपासावा’ एवढंच लिहा, वाढवा-कमी करा लिहू नका.

वहीची फाईल मलाही पाठवा. आमच्याकडे आयएनआर होत नाही, पण असे पेशंट आमच्या दारातूनच जातात.